काचेवरचा डाग कशानेच जात नाही (मॅग क्लीनर उडालं होतं), उपाय सुचवा

फिरतेचाक | शनिवार, रात्री ११.३५

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही अडलं म्हणून, त्याबद्दल आधीच माफी.

आज एका ओळखीच्यांची गाडी कामाला घेतली होती. चाकं बघून पोटात गोळाच आला. आठ-नऊ वर्षांत कुणी ब्रश लावला नसावा. ब्रेकची काजळी भाजून भाजून अलॉयच्या आऱ्यांत अशी बसलेली की नखाने खरवडली तरी निघेना. शॅम्पू झाला, डिग्रीझर झाला. शेवटी मागे एका पुरवठादाराकडून घेतलेला, चाकं साफ करायच्या औषधाचा पाच लिटरचा कॅन काढला. वर मोठ्या अक्षरांत 'मॅग क्लीनर, अ‍ॅसिडिक, पाण्यात १:१०' एवढंच.

फवारलं आणि डोळ्यांवर विश्वास बसेना. अर्ध्या मिनिटात तपकिरी पाणी ओघळायला लागलं, खालून चांदीसारखा धातू. चारही चाकं वीस मिनिटांत खलास.

घोळ पुढे झाला. मागच्या चाकावर मारताना वाऱ्याने तुषार दाराच्या काचेवर गेले. माझं लक्ष नव्हतं, ऊन होतं, वाळून गेलं. धुतल्यावर बघतो तर काचेवर मोहरीएवढे पांढुरके ठिपके आणि एक ओघळ पार खालच्या रबरापर्यंत. काच ओली असली की दिसत नाहीत, वाळली की पुन्हा हजर. व्हिनेगर लावलं, हार्ड वॉटरचे डाग काढायचं औषध लावलं, क्ले (चिकटलेली घाण ओढून काढणारी माती) फिरवला, पॉलिश मारलं. ढिम्म. नख फिरवलं तर किंचित खरखर लागते.

गाडी सोमवारी द्यायचीय. कुणाकडे जालीम उपाय?

ता.क. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं संध्याकाळपासून ठणकतायत, म्हणून डाव्या हाताने लिहितोय. हातमोजा एका ठिकाणी फाटला होता, पण काही चुरचुरलं वगैरे नव्हतं. दिवसभर ब्रश घासून अवघडली असतील.

बफिंगबहाद्दर | ११.४७

पाण्याचा डाग असता तर व्हिनेगरने पळाला असता. तुमचा डाग काचेवर नाही, काचेत आहे. सिरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवा, फेल्टचा पॅड लावा, मशीन हळू फिरवा आणि काच सतत ओली ठेवा. कोरडी झाली की तापते, तापली की तडकायची भीती. हलका डाग असेल तर तासाभरात फरक दिसेल. खोल असेल तर नाद सोडा. एकाच जागी फार घासलंत तर तिथे खळगा पडतो आणि बाहेरचं दृश्य लाटेसारखं हलायला लागतं. दाराची काच आहे म्हणून ठीक, पुढची असती तर हातच लावू नका म्हटलं असतं.

ओलीकाच | ११.५२

बफिंगशेठना +१. अवांतर: उन्हात अ‍ॅसिड मारणाऱ्याला काय म्हणावं! चाकं गार होईपर्यंत थांबायचं, सावलीत घ्यायचं, एका वेळी एकच चाक. एवढं पाळलं असतंत तर हा धागाच निघाला नसता.

परीक्षानळी | ११.५८

काचेचं राहू द्या. फिरतेचाक, तुम्ही अजून इथे असाल तर हे लगेच वाचा.

मी रसायनाच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे मिठाचं, गंधकाचं, शोऱ्याचं, सगळी आम्लं काचेच्या बाटल्यांत असतात, वर्षानुवर्षं. काचेला ढिम्म होत नाही. नेहमीच्या आम्लांपैकी काच खाणारं एकच, हायड्रोफ्लोरिक, म्हणजे एचएफ. ते आम्ही प्लॅस्टिकच्या बाटलीतच ठेवतो, कारण काचेतला सिलिका ते विरघळवतं. तुमच्या काचेला अर्ध्या दुपारीत खरखर आली. लावताना चुरचुरलं नाही, काही तासांनी बोटांची टोकं आतून ठणकायला लागली. या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, एकच आहे.

१. कॅनवरची बारीक अक्षरं वाचा. हायड्रोफ्लोरिक, फ्लोराइड, बायफ्लोराइड, एबीएफ (म्हणजे अमोनियम बायफ्लोराइड) यातलं काही आहे का?
२. काहीही सापडो न सापडो, हात आत्ता वाहत्या पाण्याखाली धरा. अंगठी असेल तर काढा.
३. कुणाला तरी गाडी चालवायला घ्या आणि मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. लेबलचा फोटो बरोबर असू द्या. तिथे 'अ‍ॅसिड लागलं' एवढंच म्हणू नका, 'फ्लोराइडचं अ‍ॅसिड आहे, कॅल्शियम ग्लुकोनेट लागेल' असं म्हणा.

वेदनाशामक घेऊन झोपू नका.

फिरतेचाक | रविवार, रात्री १२.०६

खाली बारीक अक्षरांत आहे. 'घटक: अमोनियम बायफ्लोराइड, सरफॅक्टंट, पाणी'. ठणक वाढलीय, आता नखाखाली कुणी ठोके मारतंय असं वाटतंय. वरून मात्र काहीच नाही, कातडी जरा फिकट दिसते एवढंच. भाऊ उठलाय, निघतो.

रोखठोक | १२.२१

जरा अतीच होतंय असं नाही का वाटत? मी अकरा वर्षं गाड्या धुतोय. मॅग क्लीनर सगळेच वापरतात, आमच्याकडे तर रोज. माझ्या हातांना आजवर काहीही झालेलं नाही. आणि हे बायफ्लोराइडवालं तर सौम्य असतं. मी स्वतः पीएचची पट्टी बुडवून पाहिलीय, तीन-साडेतीनच्या आसपास येतं. लिंबाचा रस दोनच्या जवळ असतो! मध्यरात्री माणसाला घाबरवून दवाखान्यात पाठवायचं म्हणजे कमाल आहे.

परीक्षानळी | १२.४४

रोखठोक, तुमची पट्टी खरं बोलतेय, पण तुम्ही तिला चुकीचा प्रश्न विचारताय.

पीएच पट्टी फक्त सुटा हायड्रोजन मोजते. मिठाचं आम्ल पाण्यात पडलं की जवळजवळ पूर्ण फुटतं, म्हणून पट्टी लालभडक. एचएफ तसं फुटत नाही. ०.१ मोलर द्रावणात शंभरातले साधारण आठ रेणूच फुटतात, बाकीचे अख्खे राहतात. पुस्तकात त्याला 'दुर्बल आम्ल' म्हणतात ते एवढ्याच अर्थाने. घात तिथेच आहे. फुटलेला, विद्युतभार असलेला कण कातडीच्या बाहेर अडतो. अख्खा रेणू लहान आणि भाररहित, तो कातडीतून सरळ आत जातो आणि आत गेल्यावर फुटतो.

अमोनियम बायफ्लोराइड पाण्यात टाकलं की त्यातून एचएफ आणि फ्लोराइड जवळपास निम्मे-निम्मे बाहेर पडतात. अशा जोडीचं द्रावण आपला पीएच धरून बसतं, तीन-सव्वातीनच्या आसपास. दहापट पातळ केलंत तरी पट्टी थोड्याफार फरकाने तेच दाखवेल. म्हणजे कॅनमधलं घट्ट आणि बादलीतलं पातळ, दोन्ही तुम्हाला 'लिंबापेक्षा सौम्य' दिसणार.

आणखी एक. 'एचएफ नाही' असं ठळक छापलेल्या कॅनमध्ये एबीएफ असू शकतं. कॅनमध्ये एचएफ ओतलेलं नसतं हे खरंच असतं, ते पाण्यात तयार होतं. त्यामुळे समोरची जाहिरात वाचू नका, घटक वाचा.

ओलीकाच | १२.५३

माझा वरचा प्रतिसाद शहाणपणा शिकवणारा झाला. धागा पूर्ण वाचलाच नव्हता, ता.क. तर नाहीच. क्षमस्व.

नाडीपरीक्षा | रविवार, सकाळी ७.१५

आत्ताच ड्यूटी संपवून आले. आपत्कालीन विभागात काम करते. मला हा प्रकार दोनदा बघायला मिळाला आहे, दोन्ही वेळा रुग्ण 'हात सोलला' म्हणून नाही, 'हात दुखतोय आणि कळत नाहीये का' म्हणून आला होता.

फ्लोराइडला कॅल्शियमचं प्रचंड वेड. कातडीखाली पोचलं की जिथे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सापडेल तिथे त्याला धरून बसतं, पेशींमधून, वेळ पडल्यास हाडातूनही. पेशींतलं कॅल्शियम असं ओढलं गेलं की मज्जातंतू बोंबलायला लागतात, म्हणून ती आतली, ठोके पडल्यासारखी ठणक. वरची कातडी तोवर शांत असते. नवखा डॉक्टरसुद्धा यात फसतो. वर काही दिसत नाही म्हणून गोळी लिहून देतो.

वेळेचं गणित असं. एचएफ ५० टक्क्यांच्या वर असेल तर लगेच भाजतं आणि कळतं. २० ते ५० टक्क्यांत एक ते आठ तासांनी. २० च्या खाली दुखायला २४ तासही लागू शकतात. गाड्यांची बहुतेक औषधं पातळ करून वापरतात, म्हणजे नेमकी या शेवटच्या गटात. दुपारी मारायचं, रात्री जेवताना बोटं दुखायची, आणि तोवर दुपारचं कुणाच्या लक्षात नाही.

छोट्या जागेवर असेल तर २.५ टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळायचं, दुखणं थांबेपर्यंत, पुन्हा पुन्हा. बाहेरूनच कॅल्शियम पुरवलं की फ्लोराइड त्याला चिकटतं आणि निरुपद्रवी होतं. बोटांसाठी आम्ही हातमोजातच जेल भरतो आणि हात त्यात घालून ठेवतो. जेल आत झिरपत नसेल तर टोचून द्यावं लागतं. भूल देऊन दुखणं मारायचं टाळतो, कारण दुखणं हाच आमचा मोजायचा काटा. थांबलं म्हणजे फ्लोराइड बांधलं गेलं.

मोठ्या भागावर पडलं, किंवा घट्ट द्रावण असलं, तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं, पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. तळहाताएवढ्या भागाने माणूस गेल्याच्या नोंदी आहेत, घट्ट एचएफच्या बाबतीत. दोन बोटांच्या टोकांनी तसं होत नाही. धागाकर्ते घाबरू नयेत, पण जायला हवंच होतं.

हो, खाण्याचा सोडा कातडीवर चोळू नका. आम्ल मरेल, फ्लोराइड नाही.

मालवाहू | सकाळी ९.४०

पूर्वी ट्रक धुण्याच्या ठिकाणी काम केलंय, तेव्हाचं सांगतो. तिथे दोन टप्प्यांत धुवायची पद्धत. आधी आम्लाचा फवारा, त्यावर लगेच क्षाराचा, मग दाबाने पाणी. ब्रश लावायचाच नाही. रस्त्याची करडी साय असते ना, जी बोट फिरवलं की रेघ उमटवते, ती हात न लावता निघते. अॅल्युमिनियमच्या टाक्या तर नव्यासारख्या चमकतात. म्हणून लोक ते सोडत नाहीत. वाईट आहे हे माहीत असूनसुद्धा. अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत होतं.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याची आकडेवारी सीडीसीच्या (तिथली सरकारी आरोग्य संस्था) साप्ताहिक अहवालात २०१५ साली आली होती. २००१ ते २०१३ या काळात गाड्या आणि ट्रक धुणाऱ्या ४८ कामगारांना कामावर एचएफने भाजल्याच्या नोंदी. सात जण रुग्णालयात भरती, दोघांवर शस्त्रक्रिया. त्याशिवाय ट्रक धुणाऱ्या एकाच्या पोटात ते औषध गेलं, तो गेला. कारखान्यातले रसायनवाले नव्हते हे. डिटेलिंगवाले, वॉशिंगवाले, ड्रायव्हर.

रोखठोक, अकरा वर्षांत काही झालं नाही हे खरंच असेल. आमच्यातही एक जण असंच म्हणायचा. त्याची नखं पिवळी आणि दुमडलेली होती, ती त्याला डिझेलमुळे वाटायची.

रोखठोक | सकाळी १०.०२

ठीक आहे, फ्लोराइडचं मान्य. बाकीच्या अ‍ॅसिडांचं काय मग? सगळ्यांना एकाच फासावर लटकवायचं का? पाण्याचे डाग शॅम्पूने जात नाहीत, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

बफिंगबहाद्दर | सकाळी १०.३८

नाही, अजिबात नाही. माझ्या फडताळात आत्ताही दोन अ‍ॅसिडं आहेत. लिंबाचं सत्त्व, म्हणजे सायट्रिक, आणि सल्फॅमिकवालं डाग काढायचं जेल. पाण्याचा डाग म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की बुडबुडे येतात आणि तो विरघळून पाण्याबरोबर जातो. तिथे आम्लच हवं, घासून उपयोग नाही. सिरॅमिक कोटिंगवर (रंगावर दिलेला संरक्षक थर) पाण्याचे थेंब उभे राहायचं बंद झालं की लोक कोटिंग मेलं म्हणतात, पुष्कळदा वर फक्त हा खार बसलेला असतो. आम्लाच्या सौम्य शॅम्पूने पुन्हा थेंब उभे राहतात. कोटिंग स्वतः सिलिकाचं, त्यामुळे त्यावर फ्लोराइड मात्र चुकूनही नको. काचेचं झालं तेच त्याचं.

पद्धत साधी. पॅनल हाताला गार लागला पाहिजे. कापडावर घ्या, गाडीवर ओतू नका. अर्धं मिनिट, फार तर एक, आणि भरपूर पाणी. वाळू देणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. पाणी उडून जातं, आम्ल मागे राहतं, म्हणजे शेवटच्या थेंबात ते मूळ कॅनपेक्षा घट्ट होऊ शकतं. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, असतो साधारण ४० ते ५० मायक्रॉन, डोक्याच्या केसापेक्षा बारीक. त्यात खड्डा पडला की आम्लाने बुजत नाही, आजूबाजूचा थर घासून खाली आणावा लागतो. पक्ष्याच्या विष्ठेचा ठसा राहतो ना, तसंच.

चाकांसाठी मात्र मी आम्ल सोडलं. आयर्न रिमूव्हर मारतो. थायोग्लायकोलेट असतं त्यात, पीएच जवळपास पाण्याएवढा. लोखंडाला धरून जांभळं होतं. गिऱ्हाईक जांभळं ओघळ बघून खूश, मी काजळी निघाली म्हणून खूश. दोन-तीन हात मारावे लागतात आणि वास मात्र सडक्या अंड्याचा. केस काढायच्या क्रीमचा वास आठवा, तिथेही हेच घराणं. हातमोजे त्यालाही घाला, काहींच्या कातडीला ते सोसत नाही.

घरगुतीउपाय | सकाळी ११.१४

माझ्या मेहुण्यांनी अलॉयवर संडास साफ करायचं लिक्विड ओतलं होतं. लख्ख झाली होती. दोन आठवड्यांनी बघितलं तर पांढऱ्या भुकटीचे डाग आणि वरची लॅकर पापुद्र्यासारखी सुटलेली. हे का होतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

परीक्षानळी | दुपारी १२.०५

त्या लिक्विडात साधारण दहा टक्के मिठाचं आम्ल असतं, शिवाय ते मुद्दाम दाट केलेलं, भांड्याच्या भिंतीला धरून राहावं म्हणून. चाकालाही तसंच धरून राहतं, खाचेत जाऊन बसतं. अॅल्युमिनियमवर स्वतःचाच एक ऑक्साइडचा थर असतो, तोच त्याचा रेनकोट. तो साधारण ४ ते ८.५ पीएचमध्येच टिकतो. खाली गेलात तरी जातो, वर गेलात तरी जातो. म्हणून 'अ‍ॅसिड नाही' असं मिरवणारं कडक क्षाराचं क्लीनरही उघड्या किंवा अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमची वाट लावतं. लॅकरला कुठे टवका असेल तर आम्ल तिथून आत शिरतं आणि खालून कुरतडत जातं. वरून धुतलंत म्हणजे आतून धुतलं गेलं असं नाही.

क्रोमच्या मुलाम्यालाही मिठाचं आम्ल चालत नाही, ते क्रोमच विरघळवतं. बंद गॅरेजमध्ये त्याचा डबा उघडा राहिला तर शेजारची लोखंडी अवजारं गंजतात. चाकांच्या बोल्टसारख्या कडक पोलादात आम्लाच्या क्रियेतून सुटलेला हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं, दिसत काहीच नाही.

आणि मेहुण्यांना सांगा, त्या लिक्विडनंतर ब्लीचचा हात मारू नका. क्लोरीन वायू सुटतो. ही चूक घराघरांत होते.

ओलीकाच | दुपारी १२.३०

हातमोजे कोणते मग? मी ते शंभराच्या खोक्यातले पातळ वापरतो.

परीक्षानळी | दुपारी १२.४६

सायट्रिक, सल्फॅमिकला चांगले नायट्राइल पुरतात, फाटला की बदलायचा. फ्लोराइडला पातळ नायट्राइल म्हणजे फक्त शिंतोड्यापुरती सवलत, उडालं की लगेच काढून फेकायचे. लॅटेक्सवर तर भिस्त नकोच. जाड निओप्रीन किंवा ब्युटाइल, कोपरापर्यंतचे. पण हा प्रश्न मला विचारण्यापेक्षा पुरवठादाराकडे सेफ्टी डेटा शीट मागा. तिचे सोळा विभाग असतात. तिसऱ्यात घटक, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात हातमोजे. चौथ्या विभागात 'कॅल्शियम ग्लुकोनेट' हा शब्द दिसला तर आत काय आहे ते तिसरा विभाग लपवत असला तरी कळतं. जो शीट देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

डोळ्यांसाठी नुसता चष्मा नाही, चहूबाजूंनी बंद गॉगल. डोळ्यात गेलंच तर साध्या पाण्याची धार सुरू आणि तसंच रुग्णालय. कातडीचं जेल डोळ्यात घालायचं नाही. आणि फवारू नका हो! ब्रशने लावा. फवाऱ्याचे बारीक थेंब नाकातोंडात जातात, ते कुणी मोजतच नाही.

फिरतेचाक | सोमवार, रात्री ९.२०

सगळ्यांना दंडवत. आता दोन्ही हातांनी लिहितोय, सावकाश.

तिथे पोचलो तेव्हा बसलेल्या डॉक्टरांनी हात उलटसुलट करून बघितला आणि 'सूज पण नाही' म्हणाले. परीक्षानळीताईंचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, लेबलचा फोटो दाखवला. ते उठून आत गेले, वरिष्ठांना घेऊन आले, पुढे सगळं भराभर झालं. तयार जेल नव्हतं. कॅल्शियम ग्लुकोनेट पाण्याच्या जेलीत कालवून हातमोजात भरलं आणि हात आत. छातीला तारा लावल्या, रक्त घेतलं. पहिल्या वीस मिनिटांत काही नाही. मग तर्जनीची ठणक हळूहळू उतरली, नळ बंद करत आणल्यासारखी. मधल्या बोटाची उतरेना, तिथे टोचावं लागलं. ते कसं दुखतं ते लिहीत नाही. पहाटे पाचला दोन्ही शांत. रक्तातलं कॅल्शियम ठीक निघालं, दुपारी सोडलं. मधल्या बोटाचं नख कडेने काळपट झालंय, राहील की जाईल ते आठवडाभराने कळेल म्हणाले.

काचेचं: सिरियम फिरवून पाहिलं नाही. गाडीवाल्यांना फोन करून खरं सांगितलं, काच माझ्या खर्चाने बदलून देतोय. चाकं मात्र त्यांना फार आवडली!

आता प्रश्न. कॅनमध्ये चार लिटरच्या वर शिल्लक आहे. त्याचं काय करू? भाऊ म्हणतो चुन्यात ओत.

परीक्षानळी | रात्री ९.४१

वाचून फार बरं वाटलं.

भावाचं रसायन बरोबर आहे, चुन्यातलं कॅल्शियम फ्लोराइडला बांधतं. पण घरी करू नका. तापतं, उसळतं, अमोनियाचा झणका येतो आणि शिंतोडे पुन्हा तुमच्याच हातावर. गटारातही नाही. झाकण घट्ट करून, मूळ कॅनमध्येच, उभा, कुलपात ठेवा आणि पुरवठादाराला परत घ्यायला लावा किंवा घातक कचरा रीतसर घेणाऱ्यांना द्या. काचेच्या बरणीत तर नाहीच, आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही, थोडंसंसुद्धा नाही. ज्या ब्रशने, बादलीने काम केलंत त्या भरपूर पाण्याने धुवा, फाटका हातमोजा फेका. अंगातल्या त्या दिवशीच्या कपड्यांचं काय केलंत?

फिरतेचाक | रात्री ९.४४

... बायकोच्या कपड्यांबरोबर धुवायच्या टोपलीत आहेत. उठतो.

रोखठोक | रात्री ११.१०

वरचं सगळं वाचून काल खाली गेलो होतो. माझा कॅनही बघितला. समोर 'एचएफ-मुक्त'. मागे घटकांत बायफ्लोराइड.

मग टॉर्च घेऊन माझ्याच गाडीजवळ गेलो. तिची चाकं मी दर महिन्याला त्यानेच करतो. चारही दारांच्या काचांवर खालच्या चार बोटांत पांढुरकी झाक आहे, चाकाच्या बाजूला जास्त. मी तिला खाऱ्या पाण्याचं समजत होतो. दोन वर्षं व्हिनेगर चोळतोय तिला.

ते जेल कोणत्या नावाने मागायचं? आणि उघडल्यावर किती दिवस टिकतं?

नाडीपरीक्षा | रात्री ११.३२

'कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, २.५ टक्के' एवढंच म्हणा. साध्या दुकानात बहुधा नसेल, कामाच्या सुरक्षेचं सामान ठेवणाऱ्यांकडे मिळतं. मुदत ट्यूबवर छापलेली असते, ती पाळा. कामाच्या जागी ठेवा, घरी नाही. लागलं तर आधी पाच मिनिटं पाण्याखाली, मग जेल, मग रुग्णालय. जेल लावलं म्हणून रुग्णालय टळत नाही.

तुमच्या हाताला सध्या काही आहे का?

रोखठोक | रात्री ११.३६

नाही. पण उद्या काम करणाऱ्या दोन्ही पोरांची नखं बघणार आहे.